विकिपीडियावर कंपनी बसवण्यापूर्वी : परीक्षकांसाठी सूचना

परीक्षकाने आधी चहा घ्यावा, कारण मसुदा 'एक अग्रगण्य, नावीन्यपूर्ण व ग्राहकाभिमुख' असाच सुरू होणार आहे. ही विशेषणे खोडावीत. उरलेल्या मजकुरातून कंपनी नेमके काय विकते हे कळले, तरच पुढे वाचावे.

मग संदर्भ. वीस-पंचवीस असतील, दबून जाऊ नये. कंपनीचे संकेतस्थळ बाद. संस्थापकांची मुलाखत बाद. प्रसिद्धीपत्रक बाद, आणि मथळा बदलून तेच छापणारी चार वर्तमानपत्रेही बाद. निधी मिळाला, शाखा उघडली, नवे सीईओ रुजू झाले, या बातम्या विकिपीडियाच्या निकषांत किरकोळ ठरतात. 'उद्योगरत्न' पुरस्कार प्रवेशशुल्क भरून मिळाला असेल तर शाल-श्रीफळ कंपनीला लखलाभ. लेखात त्याचे काम नाही.

स्थळाची चौकशी मुलाच्या मावशीकडे करत नाहीत, तसेच हे. कंपनीशी काडीचेही घेणेदेणे नसलेल्या माणसांनी, आपणहून, सविस्तर लिहिलेले हवे. तेही एकाच ठिकाणी नको.

इथे मोठी घराणीही सुटत नाहीत. १९१० मध्ये किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी वसली, १९२० मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. मासिक पुढे नावारूपाला आले, पण कारखान्याची थोरवी ठरवताना त्याची साक्ष चालणार नाही. घराण्यातल्या शंतनुराव किर्लोस्करांचे आत्मचरित्रही नाही. सुदैवाने कारखान्याविषयी परक्यांनीही पुष्कळ लिहून ठेवले आहे. उलाढाल, नोकरवर्ग, शेअर बाजारातली नोंदणी यांनी मात्र आपोआप काहीच सिद्ध होत नाही. मालक प्रसिद्ध असला तरी त्याचे तेज कंपनीला वारशाने मिळत नाही.

'आमचा माणूस लिहून देईल' असे कोणी म्हटले, तर त्या माणसाने मोबदला जाहीर केला आहे का ते पाहावे. पैसे घेऊन लिहायला बंदी नाही, ते लपवायला आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशी ३८१ खाती एकदम बंद केली. ही मंडळी नाकारलेले मसुदे हेरून मालकांना गाठत, लेख चढवायचे पैसे घेत आणि तो सांभाळायचे पुन्हा मागत. धंदा म्हणून कल्पना उत्तम होती.

शेवटची सूचना गोपनीय. लिखाण स्तुतीपर असावे अशी अट कुठेही नाही. २००९ मध्ये सत्यम कंपनीचा हिशेबी घोटाळा उघडकीस आला, तेव्हा स्वतंत्र, सविस्तर, विश्वासार्ह लिखाणाचा नुसता पाऊस पडला. हे मालकांना सांगू नये. काही मालक फार उत्साही असतात.