पोहे खाऊन कळवतो

मराठी घरात वस्तू टाकून देत नाहीत, माळ्यावर टाकतात. मोडकी असली तरी ती वर जाते, धड असली तर हमखास जाते आणि लग्नात आहेर म्हणून आलेली असली तर खोक्यासकट, वरच्या चमकीच्या कागदासकट जाते. जाताना तिच्या मागोमाग एक वाक्य जातं, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ या एका वाक्याच्या भरवशावर आमच्या माळ्यावर जे नांदतंय त्याची यादी अशी: पाणी तापवायचा तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, खलबत्ता, मर्फीचा मुका रेडिओ, पंपाचा स्टोव्ह आणि गॅस येऊन इतकी वर्षं झाली तरी त्या स्टोव्हच्या पिनांचं न फोडलेलं पाकीट, व्हीसीआर, फ्लॉपींचा डबा, चिरंजीवांची तीनचाकी आणि मिठाईचे रिकामे बॉक्स. बॉक्स एकात एक घालून ठेवलेले आहेत, म्हणजे जागा कमी लागते आणि आणखी बॉक्स मावतात.

या संस्थानाची मालकी आईकडे आहे. ती दुधाची पिशवीसुद्धा धुऊन, दोरीवर चिमटा लावून वाळवते. आम्ही हसायचो. मग २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि सरकारने दुधाच्या पिशवीला परतीचा किमान ५० पैसे भाव ठरवून दिला. बातमी वाचून आईने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, “एवढी वर्षं लागली त्यांना.” त्या दिवसापासून पिशव्यांवर बोलायची सोय राहिली नाही.

बंगळुरूचे चिरंजीव दिवाळीला आले, बॅग काढायला माळ्यावर चढले आणि जाळीजळमटांतून मुंडकं बाहेर काढून ओरडले, “बाबा, वर नुसता पैसा पडलाय!” मी इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या डोक्यावर पैसा आहे असं कुणी मला प्रथमच सांगत होतं. मोहीम सुरू झाली.

आधी सिद्धान्त आला. मारी कोंडो या जपानी बाईंची पद्धत अशी की वस्तू हातात धरायची आणि मनाला विचारायचं, हिच्यामुळे आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची, नाहीतर आभार मानून निरोप द्यायचा. चिरंजीवांनी खलबत्ता आजीच्या हातात दिला आणि प्रश्न विचारला.

“आनंद कसला व्हायचाय? मिरी कुटायची असते त्यात.”

“पण आजी, मिक्सर आहे ना.”

“लाइट गेले की?”

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, हे तो बोलला नाही. शहाणा मुलगा आहे. याच कोंडोबाईंनी २०२३ मध्ये, तिसरं मूल झाल्यावर, घर तेवढं टापटीप ठेवणं आपण जवळपास सोडून दिलंय असं सांगून टाकलं. तेही त्याने आजीला प्रामाणिकपणे सांगितलं. आई म्हणाली, “मला विचारलं असतं तर पहिल्याच मुलाला सांगितलं असतं.” पहिला मुलगा मी.

सिद्धान्त गुंडाळून आम्ही बाजाराकडे वळलो. बाजाराची सगळ्यात खालची पायरी म्हणजे रद्दीवाला. त्याच्याकडे मराठी वर्तमानपत्राला एक भाव आणि इंग्रजीला थोडा जास्त. अभिजात दर्जा मिळाल्यावर तरी हा फरक मिटेल अशी माझी आशा होती. त्याला तसं विचारलं तर म्हणाला, “साहेब, इंग्लिशचा कागद सरस असतो. आत काय लिहिलंय ते आपण बघत नाही.” इतकं निःपक्षपाती समीक्षण मी अनेक वर्षांत ऐकलं नव्हतं. बायको मात्र त्याच्या ताणकाट्याकडे बघत होती. रद्दी घरच्या वजनकाट्यावर आधी मोजून ठेवायची, मग त्याने मोजायची आणि मग दोन्ही वजनांत जेवढा फरक येईल तेवढ्यावर भांडायचं, ही तिची पद्धत आहे. त्या भांडणात दोन कप चहा होतो. चहाचा खर्च हिशेबात धरत नाहीत.

पण भावातलं खरं ज्ञान याच पायरीवर आहे. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा. ॲल्युमिनियम लोखंडाहून वर, पितळ त्याच्याही वर आणि तांबं सगळ्यांच्या डोक्यावर. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. आपण नाकाला रुमाल लावून टाकतो त्या ढिगात कशाला किती किंमत आहे हे त्यांना हाताच्या स्पर्शाने कळतं. आमच्या मजल्यावर येणाऱ्या मावशींनी माळ्याखाली रचलेल्या ढिगावर एकदाच नजर टाकली आणि निकाल दिला, “बंब सोडला तर बाकी समदं तुमचं तुमच्यापाशी ठेवा.”

बंब! मी उत्साहाने आईकडे पाहिलं. आईने बंबाकडे पाहिलं. रोज उठून त्यात लाकडं सारताना, डोळ्यांत धूर जाताना याच बंबाला तिने काय काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे. पण कुणीतरी त्याला भाव दिला आणि एका क्षणात तो तिच्या सासऱ्यांच्या हाताचा झाला. “मामंजींनी तांबट आळीतून आणला होता,” ती म्हणाली. मावशी हसल्या आणि पुढच्या दारात गेल्या. बंब परत वर गेला, या वेळी चिंचेने घासून.

तिथेच मला या व्यवहाराचा पहिला नियम सापडला. ज्याला बाजारात भाव आहे ते घरात कुणी विकू देत नाही आणि जे घरात कुणाला नको ते बाजारातही कुणाला नको असतं. माझ्या आजीची जुनी जरीची साडी घ्या. पूर्वीच्या खऱ्या जरीत चांदी असते, साडी जाळून ती काढतात, म्हणून फाटकी असली तरी तिला गिऱ्हाईक असतं. ‘जाळून’ हा शब्द कानावर पडताच आईने साडी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. उलट व्हीसीआर मी फुकट देतो म्हटलं, तर रद्दीवाला म्हणाला, “वर काय देणार?”

नियमाला एक अपवाद निघाला, तोही आईच्याच लुगड्याच्या घडीतून: ५०० रुपयांच्या आठ जुन्या नोटा. २०१६ च्या नोव्हेंबरात सगळं गाव रांगेत उभं असताना त्या तिथे निवांत झोपल्या होत्या. “अडीअडचणीला ठेवल्या होत्या,” आई म्हणाली. अडचण टळली, नोटाही टळल्या. बाद नोटा जवळ ठेवण्यावर पुढे कायदा आला, पण त्यात दहापर्यंत मुभा आहे. म्हणजे आई कायद्यात बसते. अख्ख्या माळ्यावर एकाच वस्तूवर किंमत छापलेली होती आणि नेमकी तिलाच किंमत नव्हती.

कपड्यांसाठी बोहारीण आली. या बाईसमोर भले भले वकील हात टेकतील. तिने माझी पँट उन्हाकडे धरली आणि आरपार दिसणाऱ्या सोसायटीच्या गेटकडे बघत म्हणाली, “भाभी, इसमें क्या रहा?” दोन साड्या, तीन शर्ट आणि ती पारदर्शक पँट यांवर एक स्टीलचं पातेलं ठरलं, मग झाकणासाठी अडलं. झाकणाचा प्रश्न चिघळला तेव्हा बायकोची नजर माझ्याकडे वळली. मी अंगावर घातलेल्या शर्टाकडे.

“अहो, हा तसाही तुम्हाला आता घट्टच होतो.”

झाकण मिळालं. पातेलं ठेवायला स्वयंपाकघरात जागा नव्हती, म्हणून आधीचं पातेलं माळ्यावर गेलं.

मग चिरंजीवांनी सोफा आणि व्यायामाची सायकल ऑनलाइन विकायला काढली. सायकलवर गेली काही वर्षं टॉवेल वाळतात. ते उतरवून फोटो काढला तेव्हा ती कोणत्या रंगाची आहे हे आम्हाला कळलं. जाहिरातीत मुलाने ‘फारशी न वापरलेली’ असं लिहिलं. त्या जाहिरातीतलं तेवढंच शंभर टक्के खरं होतं. निरोप धडाधड आले. सगळ्यांत एकच मजकूर: ‘लास्ट प्राइस?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. माणसाला पहिली किंमत कळायच्या आत शेवटची हवी असते.

एका गृहस्थाने सायकल न बघता, घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य केली. मी हरखलो. आई म्हणाली, “भाव न करता घेतोय? मग तो गिऱ्हाईक नव्हे.” पुढच्याच मिनिटाला त्याने पैसे ‘पाठवण्यासाठी’ एक क्यूआर कोड धाडला आणि म्हणाला, स्कॅन करा, पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे मुलाला ठाऊक होतं. आईला यूपीआय ठाऊक नाही. तिला माणूस ठाऊक आहे. चोर दोघांनीही पकडला, आधी तिने.

सोफ्याला मात्र खरीखुरी मंडळी आली आणि थेट मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. नवरा, बायको, सासूबाई आणि ‘ह्यांना फर्निचरमधलं कळतं’ असे एक मामा. बायकोने सवयीने पोहे केले, वर ओलं खोबरं. मंडळी सोफ्यावर ऐसपैस बसली, पोहे खाल्ले आणि सोफ्याची चौकशी सुरू झाली. वय किती? घरात लहान मुलं होती का? पाठीचा काही त्रास? मामांनी खाली वाकून पायाला टिचकी मारली. सासूबाईंनी रंग जरा सावळाच आहे असं मत दिलं. आमची आई मुलीकडची असल्यासारखी म्हणाली, “रंग दिव्याखाली तसा वाटतो हो, दिवसा उजळ दिसतो.” निघताना मामा म्हणाले, “घरी बोलून कळवतो.” घरची सगळी माणसं तर इथेच बसली होती. त्यांनी कळवलं नाही. पुढे याच पद्धतीने आणखी मंडळी येऊन गेली आणि सोफा नाही पण पोहे परिसरात नावाजले गेले.

रेडिओ घेऊन मी स्वतः जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथे नळाच्या तोटीपासून ग्रामोफोनच्या कर्ण्यापर्यंत काहीही मिळतं. दुकानदाराने विचारलं, “वाजतो का?” मी ओशाळून म्हटलं, नाही. “मग बरंय. वाजणाऱ्याची कटकट फार. लोक शोभेला नेतात.” माझी छाती फुगली. त्याने किंमत सांगितली आणि ती पूर्ववत झाली. दहा पावलांवर अगदी तसाच रेडिओ होता. सहज भाव विचारला तर नेमका दहापट. म्हणजे आपण विकायला गेलो की भंगार आणि विकत घ्यायला गेलो की अँटिक. या दोन शब्दांमध्ये दहा पावलं चालण्याचे जो पैसे घेतो त्याला व्यापारी म्हणतात. मी उलट दिशेने चाललो आणि रेडिओ घरी आणला.

शेवटचा घाव चिरंजीवांनी स्वतःच घातला. आजीला विरंगुळा म्हणून तो तिला बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन गेला. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने केलेला तो संग्रह वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा आहे आणि त्यातल्या पुष्कळशा साध्या घरगुती आहेत: दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी. आई प्रत्येक काचेसमोर थांबली. “हा आपल्याकडे होता. हा तुझ्या आत्याआजीने नेला. हा अजून आहे.” तिकीट काढून लोक आपला माळा बघतात, हा साक्षात्कार घेऊन ती परतली आणि जेवताना तिने जाहीर केलं की पितळ, तांबं, लाकूड यांतलं आता काही एक खाली उतरणार नाही.

मोहिमेची एकूण कमाई रद्दीची. तीही वाटून झाली: आईने ‘माझ्या पिशव्यांचे’ म्हणून आपला हिस्सा वेगळा काढून घेतला, बायकोने चहाचे धरले, आणि उरलेल्यात पोह्यांचा खर्च बसेना. चिरंजीव बंगळुरूला परत गेले. जाताना त्यांच्या जुन्या लॅपटॉपचं खोकं इथेच ठेवून गेले. “असू दे बाबा,” म्हणाले, “वॉरंटीला लागेल कधीतरी.”

व्यायामाची सायकल अजून आहे. कुणाला हवी असल्यास संध्याकाळी यावं. टॉवेल उतरवून ठेवू. भाव करायला पूर्ण मुभा आहे. पोहे मात्र आता पैसे दिल्यावरच.