चौथी सीट

मराठीत 'तब्येत' हा शब्द फार लबाड आहे. एखादीची तब्येत सुधारली म्हणजे ती जाड झाली आणि तब्येत उतरली म्हणजे ती आजारी पडली. तिसरी सोयच नाही. त्यामुळे पावणेदोन वर्षं साखर, भात आणि शेजारचा फराळ यांच्याकडे पाठ फिरवून मी 98 वरून 68 किलोवर आले, तेव्हा सोसायटीत कौतुक कमी आणि चौकशी जास्त झाली. "शुगर निघाली का हो?" "घरी सगळं ठीक ना?" तळमजल्यावरच्या आजींनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. एखादा बारीकसा आजार सांगून त्यांचं समाधान करावं असं फार वाटलं.

30 किलो म्हणजे भरलेला गॅस सिलिंडर. आतला गॅस 14 किलो 200 ग्रॅम, बाकी लोखंड. एवढी वर्षं मी तो पोटाशी बांधून डोंबिवली-दादर करत होते!

खरा सत्कार केला तो लोकलने. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी टेकते, हे आमचं अलिखित संविधान. पण 98 किलोच्या बाईला चौथी सीट कोणी देत नाही आणि तीही मागत नाही. ज्या दिवशी एका अनोळखी मुलीने "या ना काकू, फोर्थला बसा" म्हणत सरकून जागा दिली, त्या दिवशी मी बँकेत पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही. अर्धा खाल्ला.

आनंद आठवडाभर टिकला. मग एका रविवारी गिरणीतून दळण आणायला गेले. दहा किलोचा तोच डबा, तेच तीन जिने. पूर्वी मी तो काखोटीला मारून एका दमात वर यायची. आता पहिल्या मजल्यावर डबा खाली, दुसऱ्यावर डबा खाली, आणि तिसऱ्यावर मीच खाली.

डॉक्टरांनी समजावलं. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की चरबी एकटी जात नाही, सोबत स्नायूही नेते. गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा. म्हणजे शरीराने चौथाई वसूल केली होती. (सरदेशमुखी केसांतून घेतली, ती वेगळी.) शिवाय 98 किलो घेऊन दिवसभर हिंडणं हा पायांचा फुकटचा व्यायामच होता, तोही बंद पडला. "वजनं उचला," डॉक्टर म्हणाले. जे टाकायला पावणेदोन वर्षं घालवली, तेच आता महिन्याची फी भरून उचलायचं. बँकेत याला कर्जाचं नूतनीकरण म्हणतात.

जिममधला ट्रेनर चोवीस वर्षांचा. पहिल्या दिवशी त्याने पाटल्या काढायला लावल्या, रॉडवर पकड येत नाही म्हणून. त्या काढणं सोपं होतं. वजन उतरल्यापासून त्या मनगटावर राहतच नव्हत्या, हात वर केला की कोपराला जाऊन भेटायच्या. ब्लाउज आटवता येतात, पण दंडाखाली लोंबणारी कातडी कोणता शिंपी आटवणार?

"काकू, आधी रिकामा रॉड."

"किती किलोचा?"

"वीस."

आमच्याकडे रिकाम्या वस्तूला वजन नसतं. मी तो खांद्यावर घेतला आणि लगेच परत केला. मग त्याने पाच-पाच किलोचे दोन डंबेल हातात दिले आणि धीर द्यायला म्हणाला, "मल्लेश्वरीनेही असंच सुरू केलं असेल." घरी येऊन मी शोधलं. कर्णम मल्लेश्वरी, सिडनी ऑलिंपिक, 2000, कांस्यपदक. वजनगट 69 किलो. म्हणजे मी आणि ती एकाच गटातल्या! तिने एकूण 240 किलो उचलले, माझे झाले दहा. फरक तपशिलाचा आहे.

स्क्वॉट मात्र मला पहिल्या फटक्यात जमला. "मागे खुर्ची आहे असं समजा, टेकायचं पण बसायचं नाही, भार मांड्यांवर," तो म्हणाला. अरे, ही तर चौथी सीट! अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत, पाय घट्ट रोवलेले आणि मांडीवर पर्स. गाडीने ब्रेक मारला तरी हलायचं नाही. मी खाली गेले ते तशीच थांबले. "काकू, आता वर या," तो घाबरून म्हणाला. "दिवा गेलं का?" मी विचारलं. तो ऐरोलीचा, त्याला कळलं नाही.

त्याचं मोजणं मात्र मला मान्य नाही. मी कॅशला बसते. नोट कमी-जास्त झाली तर भरून द्यावी लागते. हा "आठ, नऊ, लास्ट टू" म्हणतो, मग पुन्हा "लास्ट टू", मग "कम ऑन, लास्ट टू". मी हिशेब ठेवलाय. त्याच्याकडे माझे एकशे चाळीस जमा आहेत.

दुखणं त्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी येतं, आणि चढताना नव्हे, उतरताना. स्टेशनच्या पुलावरून मी कठड्याला धरून खेकड्यासारखी तिरकी उतरत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, गाडी लागलीय!" लागू दे बाई.

मग प्रोटीन. रोज ऐंशी ग्रॅमपर्यंत जायचं म्हणे. एका अंड्यात सहा. मी संकष्टीची साबुदाणा खिचडी पुढे केली तर पोरगा म्हणाला, "यात प्रोटीन दाण्याच्या कुटातच, काकू." तीस वर्षांचं पुण्य एका वाक्यात गेलं.

पाच महिने झाले. काटा दीड किलोने वर गेलाय. ट्रेनर म्हणतो मसल आहे, तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, "तब्येत सुधारली हो, बरं वाटलं." गेल्या महिन्यात गॅसवाला सिलिंडर दारातच ठेवून गेला. नवरा वॉचमनला हाका मारत गॅलरीत उभा होता, तोवर मी गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून तो ओट्याखाली नेला. रेग्युलेटर त्याने लावला. अगदी मन लावून.

तर डब्यातल्या बायांनो, एक विनंती. सकाळच्या फास्टला मी चौथ्या सीटवर थरथरताना दिसले, तर दया येऊन आत सरकू नका. मुंब्र्यापर्यंत माझा तिसरा सेट चालू असतो.