खात्रीचा मध

लघवीची बाटली हातात घेऊन भर वस्तीतून कसं चालावं, हे कुणी शिकवत नाही. खिशात ठेवली तर कोमट लागते आणि आपलंच आपल्याला कसंसं होतं. पिशवीत ठेवली तर आडवी पडते आणि झाकणाचा भरवसा नसतो. मी ती आधी रुमालात गुंडाळली, मग वरून रविवारची पुरवणी लावली. एवढ्या बंदोबस्तानंतर ती दोन इंचांची प्लास्टिकची बाटली सत्यनारायणाच्या प्रसादासारखी दिसायला लागली आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

सोसायटीच्या फाटकाशी तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भेटले. पुनर्विकास हा त्यांचा आवडता विषय. त्यात एकदा शिरले की कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं अशी स्टेशनं घेत गाडी सावकाश जाते. लॅबमधल्या मुलीने मला बजावलं होतं, "काका, तासाभरात आणून द्या हं, फार वेळ ठेवू नका." मी घड्याळ बघत होतो. शेवटी त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"एवढं जपून काय चाललंय?"

"मध," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"महाबळेश्वरचा?"

"नाही, घरचाच."

"घरचा म्हणजे खात्रीचा! आम्हालाही अर्धा किलो सांगा की."

लॅबपर्यंत जाताना मन फार खात होतं. मग लक्षात आलं की मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. ज्या दुखण्याच्या संशयाने मी ती बाटली मिरवत होतो, त्याच्या नावातच मध आहे. लघवीला मुंग्या लागतात, हे प्रमेहाचं लक्षण चरकसंहितेत नोंदवलेलं आहे. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या लॅब टेक्निशियन मुंग्या. पगार नाही, रजा नाही, आणि रिपोर्ट हातोहात. पुढे इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरांनी 1674 च्या ग्रंथात लिहून ठेवलं की ही लघवी मध कालवल्यासारखी गोड लागते. लागते! आजच्या डॉक्टरांची फी जास्त वाटते तेव्हा मी विलिससाहेबांची आठवण काढतो आणि मुकाट्याने पैसे देतो.

लाज वाटून घ्यायची ही पद्धत अलीकडचीच असावी. युरोपात शेकडो वर्षं वैद्य काचेचं गोल बुडाचं भांडं उजेडात धरून लघवी न्याहाळत. 1506 सालच्या एका जर्मन वैद्यकग्रंथात लघवीच्या वीस रंगांचं चक्रच छापलं आहे, साडीच्या दुकानातल्या शेडकार्डासारखं. आपल्याकडे 'योगरत्नाकरा'त तैलबिंदू परीक्षा आहे. लघवीवर तेलाचा थेंब सोडायचा. तो झरझर पसरला तर रोग बरा होणार, बुडाला तर असाध्य. पसरताना त्याला हंसाचा, कमळाचा किंवा छत्राचा आकार आला तर उत्तमच. माझ्या रिपोर्टात 'पस सेल्स 2-3' एवढंच आलं. हंस नाही की कमळ नाही. शास्त्र पुढे गेलं हे खरं, पण त्यातली शोभा गेली. आणि 1669 साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँडने तर, रंग सोन्याचा आहे म्हणजे आत सोनं असणारच, अशा हिशेबाने बादल्या-बादल्या लघवी साठवली, कुजवली आणि आटवली. सोनं मिळालं नाही. अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळाला. त्याच्या शेजाऱ्यांनी काय सोसलं असेल, याबद्दल इतिहास गप्प आहे.

आमच्या शेजाऱ्यांनी काय सोसलं ते मात्र मी सांगू शकतो. सांगलीच्या वाड्यात आमचे अण्णा रोज सकाळी न्हाणीघराच्या कट्ट्यावर प्रयोगशाळा मांडत. शाईसारख्या निळ्या बेनेडिक्टच्या द्रावणाची बाटली, काचेची नळी, ती धरायला लाकडी चिमटा, ड्रॉपर आणि स्पिरिटचा दिवा. नळीत पाच मिलिलिटर निळं पाणी, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब. मग नळी तिरकी धरून, हलवत हलवत उकळायची. हलवलं नाही तर ते एकदम उसळून बाहेर येतं, म्हणून नळीचं तोंड कायम भिंतीकडे. त्या भिंतीवर एक निळसर ओघळ होता. दर दिवाळीला चुना लागायचा आणि संक्रांतीपर्यंत ओघळ परत दिसायचा. एका बाजूने आईच्या पूजेची उदबत्ती, दुसऱ्या बाजूने हा वास. आजी याला 'अण्णांचा यज्ञ' म्हणायची.

यज्ञ संपला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, रंग काय म्हणतोय?" सगळं घर त्या रंगावर चालायचं. निळाच राहिला तर अण्णांच्या चहात अर्धा चमचा साखर पडायची. हिरवा झाला तर भाताची मूद लहान. पिवळा, नारिंगी असं चढत जाऊन विटकरी झाला की खटला उभा.

"काल कुठे गेला होतात?"

"अगं, बारसं होतं देशपांड्यांकडे."

"बारशाला एक पेढा देतात."

अण्णा नळीकडे बघत. त्या निळ्या पाण्यात मोरचूद असतं. गरम केलं की साखर त्यातल्या तांब्याचं रूप पालटते आणि तळाशी विटकरी गाळ बसतो. साखर जितकी जास्त, तितका रंग पुढे सरकतो. अण्णांना हे रसायनशास्त्र कॉलेजात अवघड गेलं होतं. संसारात ते आईला कसं जमलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

खरं तर ती नळी पक्षपाती होती. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. तोपर्यंत मूत्रपिंडं सगळं पदरात घालून घेतात. दिवसाला 180 लिटर पाणी गाळून त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर सोडणारी, इतकी काटकसरी इंद्रियं ती. साखर हाती लागली तर सहजासहजी कशी टाकतील? म्हणजे निळ्या रंगाच्या दिवशी अण्णांची साखर 170 सुद्धा असू शकेल, आणि आई विश्वासाने चमचा उचलत असेल.

आता इतका जिव्हाळा उरला नाही. लॅबमधली मुलगी म्हणते, "मूठ आवळा काका, इकडे बघू नका," आणि आपण इकडेच बघतो. तिच्यापुढे जांभळ्या, राखाडी, पिवळ्या झाकणांच्या नळ्या मांडलेल्या असतात. साखर तपासायची ती राखाडी झाकणाची. मी विचारलं, वेगळी कशाला? तर म्हणाली, "यात फ्लोराइड असतं. नाहीतर नळीतसुद्धा पेशी साखर खात राहतात ना." मला गहिवरून आलं. शरीर सुटलं, घर सुटलं, काचेत कोंडलं, पुढे काय वाढून ठेवलंय ठाऊक नाही, आणि तरी खाणं चालूच! आमच्या घराण्याचं रक्त म्हणतात ते हेच.

त्या दिवशी माझ्या शेजारी एक आजोबा गुडघ्यातलं पाणी काढून घ्यायला बसले होते. त्या पाण्याची परीक्षा हलवायालाही कळेल अशी आहे. सांधा धड असेल तर थेंब सोडताना त्याची तार निघते, अगदी पाकासारखी. सांधा सुजला की तार तुटते आणि पाणी नुसतं टपकतं. पाठीच्या कण्यातलं पाणी तर निरोगी माणसात इतकं नितळ असतं, की शेजारी साध्या पाण्याची नळी धरून ताडून बघतात. माणसाच्या आत इतकं स्वच्छ काही असतं, हे मला त्याच्याशी व्यवहार करताना कधी जाणवलं नव्हतं.

रक्त तर भल्याभल्यांना चकवतं. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं, जे तपासणीत 'ओ' सारखं दिसायचं, पण त्याला 'ओ' सुद्धा चालायचं नाही. त्याला त्याच्याच जातकुळीचं रक्त लागतं. शहराचं नाव पुढे मुंबई झालं, त्या गटाचं 'बॉम्बे' तसंच राहिलं. पाट्या बदलायला कुणी लॅबपर्यंत पोचलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. लघवी: रंग फिकट पिवळा, स्वच्छ, साखर नाही. मी तो कागद हिच्यासमोर विजयाने धरला. हिने तो बाजूला सारून खालचा उचलला. त्यावर एचबीएवनसी ठळक अक्षरात होतं. हा आकडा आईपेक्षा कडक. तांबडी पेशी जगते साधारण 120 दिवस, आणि तेवढ्या काळात रक्तात फिरणारी साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणजे हा आकडा दोन-तीन महिन्यांची डायरी. मी आदला आठवडाभर कारल्याचा रस पिऊन साळसूदपणे गेलो होतो. डायरीत गणपतीतले मोदक होते, कोजागरीचं दूध होतं, आणि घरी न सांगितलेली एक जिलबीही असणार.

"कुठे गेला होतात?" हिने विचारलं. तोच सूर. बारशाचं कारण मी काढलं नाही.

घरातली साखर आता वरच्या फळीवर गेली आहे. मधाचं प्रकरण मात्र बाकी होतं, कारण ते गृहस्थ जिन्यात भेटले की विचारायचे. परवा मी दुकानातून महाबळेश्वरच्या मधाची बाटली आणली, गरम पाण्यात भिजवून लेबल खरवडून काढलं आणि त्यांना नेऊन दिली. त्यांनी तिथल्या तिथे झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "बघा, घरच्याची गोडीच वेगळी!"