कुंडी रिकामी नाही

आमच्या घरात भांडणाला निमित्त कधी कमी पडलेलं नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी खुलताबादजवळच्या माझ्या भावाच्या शेतातून कळलावीचे तीन कंद पिशवीत घालून आणले, तेव्हा सासूबाईंनी हरकत घ्यावी असं खरं तर काही नव्हतं. पण त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, कंद ओळखला आणि पदर सावरत दोन पावलं मागं सरल्या.

"बाई गं, कळलावी! ही घरात लावतेत का कुठं? कळी लागतेत!"

हे पेपर वाचत होते. पेपराआडूनच म्हणाले, "आपल्या घरात आधीच..." आणि पुढं नाव कुणाचं घ्यावं ते न सुचून थांबले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली की वाक्य कुठं सोडून द्यायचं हे माणसाला कळतं.

कंद मी हौसेनं आणले नव्हते. भावाच्या बांधावर निवडुंग आणि घाणेरीची जाळी होती. दर पावसाळ्यात त्या जाळीतून ही वेल वर यायची आणि ज्वाळा पेटल्यासारखी फुलायची. बांध सरळ करायला जेसीबी आला. वेल तोंडी लागली तर जनावर दगावतं, म्हणून शेतकऱ्याला ती बांधावर नकोच असते. जेसीबीच्या दातांतून मातीबरोबर हे तीन कंद खाली पडले. भाऊ म्हणाला, "फेकून दे." मी पिशवी मागितली.

या वेलीचा स्वभाव काय असेल ते असो, नावानं तिचं नुकसान फार केलंय. कळ लावणारी ती कळलावी, हे सगळ्यांना ठाऊक. पण कळ दोन प्रकारची. सासूबाईंचं माहेर पाटोद्याकडचं, बालाघाटाच्या डोंगरातलं. त्यांनीच नंतर सांगितलं की पूर्वी बाई अडली की सुईण हा कंद उगाळून तिच्या पोटावर, तळपायांना लेप द्यायची, कळा याव्यात म्हणून. मूल झालं की लेप ताबडतोब धुऊन टाकायचा, उशीर नाही करायचा. (आता कुणी हा उद्योग करू नये, दवाखाने आहेत.) म्हणजे नाव पडलं ते बाळंतपणाच्या कळांवरून. शेजाऱ्यापाजाऱ्यांत कळ लावल्याचा आळ मागाहून चिकटला. एखाद्या सुईणबाईनं गावभर बाळंतपणं करावीत आणि गावानं तिला चहाडखोर म्हणावं, तसली गत.

संस्कृतनं तिला अग्निशिखा म्हटलं आणि कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून लांगलीही म्हटलं. लिनियसनं १७५३ साली नाव दिलं ग्लोरिओसा सुपर्बा. त्याला नुसता थाट दिसला. त्याच्या घरी कुणी पिशवीत डोकावून बघणारं नसावं. तमिळनाडूनं तिला राज्यफुलाचा मान दिला, झिंबाब्वेनं राष्ट्रीय फुलाचा. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ एकवीस वर्षांची झाली, तेव्हा तिकडच्या शाळकरी पोरांनी वर्गणी काढून तिला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला. ही सगळी माहिती मी जेवताना सासूबाईंना ऐकवली. राणीच्या छातीवर चालते, तर आपल्या जिन्यात का चालू नये?

सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग त्या राणीच्या घरात काय कमी भांडणं झाली?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

विष मात्र खरं आहे. कंद, पान, बी, सगळ्या अंगात कॉल्चिसिन असतं. तेच कॉल्चिसिन मोजून-मापून गाऊट नावाच्या सांधेदुखीवर गोळीतून देतात. १९३७ साली शास्त्रज्ञांनी त्याचा आणखी एक गुण दाखवून दिला. पेशी दुभागायला निघते, तिच्यातली गुणसूत्रं दुप्पट होतात, अर्धी इकडं अर्धी तिकडं जाणार, तेवढ्यात कॉल्चिसिन आडवं येतं आणि वाटणीच होऊ देत नाही. सगळे एकाच घरात राहतात. बिनबियांचं कलिंगड करताना आधी हीच युक्ती वापरावी लागते. म्हणजे घर फोडणारी म्हणून जिची बदनामी झाली, तिच्या अंगातला रस पेशीला वेगळी चूलसुद्धा मांडू देत नाही! एकत्र कुटुंबाची एवढी कट्टर पुरस्कर्ती आमच्या सिडकोत दुसरी नसेल.

हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. कलिंगड खाणं बंद केलं असतं त्यांनी.

तीन कंद, तीन कुंड्या. मुरूम, थोडी काळी माती, थोडं शेणखत, पाणी तुंबायला नको. कंद आडवा निजवायचा, वर चार बोटं माती. इथपर्यंत मला सगळं येत होतं. पहिला कंद मी लावण्याआधी नळाखाली स्वच्छ धुतला. माती निघाली, तसं त्याचं रूप दिसलं: दोन फाट्यांचा नांगर, आणि फाट्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा फिकट डोळा. तो डोळा अंगठ्याखाली आला आणि कट्कन मोडला. कळलावीचं सगळं भवितव्य त्या टोकात असतं. बटाट्यासारखे जागोजागी डोळे तिला नाहीत. ती कुंडी पावसाळाभर गप्प बसली.

बाकीच्या दोघी उगवल्या, हातभर झाल्या, फुलल्या मात्र नाहीत, आणि दिवाळीनंतर वाळून गेल्या. हा त्यांचा दरवर्षीचाच नेम. वरचं सगळं मरतं. खाली जुना कंदही सुकतो, पण जाण्याआधी नवा कंद तयार करून ठेवतो. नवा डोळा नव्या फाट्याच्या टोकाशी, म्हणून पुढच्या वर्षी वेल थोडी सरकून उगवते. बारमाही म्हणायची, पण मुक्काम जमिनीखाली. जून ते ऑक्टोबर दर्शन, बाकी दिवस कुंडीत नुसती माती.

आता नुसत्या मातीची काळजी कशी घ्यायची, सांगा! मला ते जमलं नाही. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. मधे किती दिवस गेले ते बोटांवर मोजायचं, पहाटे पाण्याचा आवाज आला की घरातले सगळे भांडी घेऊन धावतात. अशा पाण्यातून तांब्याभर पाणी काढून मी दुसऱ्या कुंडीला घालत होते. नोव्हेंबरात घातलं, संक्रांतीला घातलं, होळीला तर दोन तांबे घातले, ऊन वाढलं म्हणून. स्वतःच्या आंघोळीचं पाणी वाचवून घातलं. माया आणखी कशाला म्हणतात? मेमध्ये उत्सुकतेनं माती उकरली, तर बोटं थेट कशात तरी लिबलिबीत आत गेली. कुजका वास आला. कंद झोपलेला होता आणि मी सहा महिने त्याच्या तोंडात पाणी ओतत होते.

तिसरी कुंडी मी विसरले होते. खरं तर मला ती विसरायला लावली गेली होती. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी तिला गच्चीवर हद्दपार केलं होतं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. "घरात नाही, गच्चीवर. गच्चीवर कुणाशी भांडायचं तर भांडू दे." एप्रिलमध्ये वाळवणं सुरू झाली. कुरडया, पापड, सांडगे. वर कापड बांधायला काठी उभी करायची होती, तर त्यांनी ती त्याच कुंडीत रोवली. कंद कुठं आहे हे विचारलं नाही, मीही जाग्यावर नव्हते. काठी कंदाच्या दोन बोटं बाजूनं खाली गेली असणार. वाळवणं उतरली, काठी तशीच राहिली. कुंडीला सहा महिन्यांत पाण्याचा थेंब मिळाला नाही.

जूनमध्ये पहिला बरा पाऊस झाला. चार दिवसांनी मी कपडे वाळत घालायला वर गेले, तर कुंडीच्या काठाला अगदी चिकटून हिरवा दाभण वर आलेला. मधोमध नव्हे, काठाला. आठवड्यात तो वीतभर झाला, आणि मग त्यानं हात पसरायला सुरुवात केली. या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानच पुढं निमुळतं होत जातं आणि टोकाशी तारेसारखं वळतं. सापडेल त्याला धरायचं. तिनं आधी काठी धरली. मग वाळत घालायची दोरी धरली. आणि एका सकाळी सासूबाईंचं नऊवारी धरलं.

मी जिन्यातून पाहत होते. सासूबाई लुगडं ओढायला गेल्या आणि थांबल्या. पानाचं टोक सुताच्या काठाला दोन वेढे घालून बसलं होतं. एक झटका दिला असता तर संपलं असतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाटावर बसल्या आणि नखानं एकेक वेढा उलगडू लागल्या. दहा मिनिटं तरी लागली असतील. पान सुटल्यावर ते त्यांनी उचलून काठीला लावून दिलं. मग इकडंतिकडं पाहिलं. मी दोन पायऱ्या खाली सरकले.

श्रावणात कळी आली, मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबणारी, हिरवी. उमलताना तिच्या सहाही पाकळ्या मागं उलटतात आणि वर उभ्या राहतात, कडा झालरीसारख्या वळलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग वरून लाल आणि खालून पिवळ्या, आणि शेवटी नुसत्या लाल. एकाच वेलीवर एकाच दिवशी चारी रंगांची फुलं. सहा पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडं पसरलेले. आणि मधली कुक्षिवृंताची काडी? ती बुडाशीच काटकोनात वळते आणि फुलाबाहेर एका बाजूला तोंड करून राहते, जेवणावरून उठून कोपऱ्यात जाऊन बसलेल्या माणसासारखी. घरातला पराग तिला नको असतो. फुलपाखरानं नाहीतर शिंजिरानं बाहेरून आणलेला हवा असतो. एवढाच काय तो हिचा रुसवा.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. कोकणात गौरीला या फुलांचा मान असतो, हे मी सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात नाही. सोळा भाज्यांच्या ताटाजवळ विष ठेवतेत का?" बरोबरच होतं. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या स्वतः गच्चीवर घेऊन गेल्या. मी मुरमाचं आणि खताचं प्रमाण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काठी मी रोवली होती. हिनं तर पाणी घालून घालून एक कुजवली."

कळलावीमुळं आमच्या घरात झालेलं भांडण ते हेच. अजून मिटलेलं नाही. वेल कुणी जगवली? मी म्हणते, कंद मी आणला. त्या म्हणतात, काठी माझी. हे म्हणतात, दोघींनी हात लावला नाही म्हणून जगली. आणि या वेळी त्यांनी वाक्य पूर्ण केलं, हे त्यांचं चुकलंच.

पण बोलले ते खोटं नव्हतं. या शहराला जमिनीखालचा भरवसा नवा नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरनं डोंगराकडचं पाणी नहरीनं आणलं तेही मातीखालूनच. वरून चालणाऱ्याला पायाखाली काय वाहतंय याचा पत्ता नसायचा. बागकामाच्या नावाखाली आम्ही शिकतो ते सगळं करायचं काम असतं: घाला, छाटा, उकरा, फवारा. वर्षातले सात महिने काही करायचं नाही, हे काम कुणी शिकवत नाही, आणि माझ्यासारखीला ते सगळ्यात अवघड. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा मी रोज दोनदा फोन करायचे. आता रविवारी एकदा करते, आणि गंमत म्हणजे हल्ली तोच कधीमधी बुधवारी करतो.

परवा टाकी धुवायला पोरगा आला होता. थंडी पडलीय. वेल वाळून गेली, शेंगांतलं लालभडक बी मी हातमोजे घालून काढून ठेवलं. कुंडीत काठी आणि माती, एवढंच. पोरगा म्हणाला, "आजी, ही रिकामी कुंडी मधी यायली. उपडी करून कोपऱ्यात ठिवू का?"

सासूबाई उन्हात बसल्या होत्या. जाग्यावरूनच ओरडल्या, "रिकामी नाही ती! हात लावू नको."

पोरानं कुंडीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी कपडे वाळत घालत राहिले.