उभ्या उभ्या

खुर्द म्हणजे लहान. तरी गोसीखुर्द म्हटलं की लोकांना आठवतं ते वैनगंगेवरचं अवाढव्य धरण, पावसाळ्यात 33 दारं उघडून पेपरात झळकणारं. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि पवनी तालुक्यातलं एक गाव, नावातच अंग चोरून बसलेलं, थेट नकाशावर चढलं. मला मात्र या मुलखाच्या नावासरशी खडी गंमत आठवते. तिची पायाभरणी कुणी केली नाही. करणार कुठे? तिला पायाच नव्हता, नुसते पाय होते.

खडी म्हणजे उभी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरायची. दिवसा जिलेबी, फुगे, सोयरे, दंडार. आणि रात्री चौकात माणसं गोल बसली की मधल्या मोकळ्या जागेत गंमत उभी राहायची. पडदा नाही, मंच नाही. ढोलकी, तुणतुणं, शाहीर आणि लुगडं नेसलेला नाच्या. आमच्या शेजारचे काकाजी नाच्या व्हायचे. धान कापून राठ झालेल्या त्यांच्या हातांत बांगड्या चढत नसत. काकू तेल लावून, ओठ मुडपून, एकेक चढवायच्या. रात्री काकाजी लाजले की बाया म्हणायच्या, "माय वो, कशी लाजते पाय!" काकूंचं लक्ष लाजण्याकडे नसे. लुगडं त्यांचं होतं, काठ मातीत लोळतो का, एवढंच त्या बघायच्या. सकाळी काकाजी पुन्हा बांधीत, कानामागे पावडर, आणि विळा चालवताना कमरेत उगाच एक जास्तीचा हेलकावा.

आमच्या या मुलखाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, नाटकाचं जरा बरं चाललंय. वडशाच्या मंडळ्या हंगामभर हिंडतात, 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. दंडार नि गंमत या मात्र थोरल्या बहिणींसारख्या. धाकट्याला शाळेत धाडून स्वतः रोवणीला गेलेल्या.

आमचा जुना चौक आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथे मासे गोल करून बसत असतील तर नवल नाही. नव्या गावठाणात सिमेंटचा पक्का मंच बांधलाय, कोनशिलेवर सात नावं. परवाच्या मंडईत गंमतवाले आले, त्यांनी मंच आदराने न्याहाळला, त्यावर चपला काढून ठेवल्या आणि खाली मातीत उभे राहिले. मंचाच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. काकाजी जाऊन बरीच वर्षं झाली. ढोलकीवर थाप पडली, नाच्याने गिरकी घेतली, आणि काकूंची नजर सवयीने काठाकडे गेली.