अंधेरीचा अनुस्वार

अंधेरीचं सगळ्यात आधी काय पडत असेल तर अनुस्वार. मुलुंडचंही तेच. रिक्षाच्या मागच्या काचा, शाळेच्या बसगाड्या, क्लासेसची काचेची दारं जरा लक्ष देऊन वाचत गेलात तर ‘अधेरी’ आणि ‘मुलुड’ अशी दोन उपनगरं पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात नसली तरी रस्त्यावर नक्की आहेत, हे ध्यानात येईल. घाटकोपर आणि बोरिवली सुटली, कारण त्यांच्या डोक्यावर टिंबच नाही. त्यांचं दुखणं पोटाचं. ब आणि व यांच्या पोटातला रंग सोलायचा राहून गेला की बोरिवली जेवून आल्यासारखी दिसते.

यात दोष शुद्धलेखनाचा नसतो. रेडियमवाल्याच्या, म्हणजे स्टिकर कापून देणाऱ्याच्या, संगणकावर ‘अंधेरी’ अनुस्वारासकट असतं आणि कटिंग प्लॉटर नावाच्या यंत्राने ते टिंब इमानेइतबारे कापलेलंही असतं. ते पडतं त्यानंतर. स्टेशनबाहेरच्या अशा कुठल्याही दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं की सगळा प्रकार दिसतो. दुकान म्हणजे एक शटर, एक संगणक, भिंतीला रंगीत रोल आणि मध्ये दोन फूट रुंदीचं ते यंत्र. रोलवर वरचा रंगीत पापुद्रा म्हणजे व्हिनाइल, त्याच्या पाठीला गोंद, खाली गुळगुळीत कागद. पापुद्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून पातळ, आणि पात्याने तेवढाच कापायचा, खालच्या कागदाला धक्का लावायचा नाही. म्हणून दुकानातला पोरगा आधी कोपऱ्यात नखाएवढा चौकोन कापून बघतो. चौकोन अलगद उचलला गेला की म्हणतो, “बसला,” आणि यंत्र सोडून देतो.

मग यंत्र रोलला पुढे-मागे खेळवायला लागतं. पातं फक्त डावी-उजवीकडे जातं, वर-खालीचं काम कागद करतो. दोघांच्या संगनमतातून वळणं निघतात. पात्याला स्वतःची दिशा नसते. त्याचं टोक मधल्या आसापासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे ट्रॉलीच्या पुढच्या चाकासारखं ते ओढलं जाता जाता वळतं. हे अंतर संगणकाला नीट सांगितलं नसेल तर कान्याचे कोपरे गोल होतात. पण पातं किती शहाणं असलं तरी त्याला अक्षर माहीत नसतं, कड तेवढी माहीत असते. ‘ध’च्या आतला रंग ठेवायचा आणि बाहेरचा टाकायचा, हे त्याच्या गावीही नसतं. ते भोवती फिरून येतं आणि गप्प बसतं.

पुढचं काम पोराच्या चिमट्याचं. तो रोलचा एक कोपरा धरून नको असलेला रंग सावकाश सोलत जातो, आणि अक्षरं मागे कागदावर राहतात. सोलताना हाताला घाई झाली की टिंब आपल्या जागेवर बसण्याऐवजी कचऱ्याबरोबर जातं. कधी ते पोराच्या बोटाला चिकटतं, तिथून शर्टाला, आणि संध्याकाळी अंधेरीचा अनुस्वार नालासोपाऱ्याच्या गाडीत उभा असतो.

गंमत अशी की आपल्या हातात सुरी आहे, हे या यंत्राला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते स्वतःला लेखनिक समजतं. त्याला जाणाऱ्या सूचना बहुतेक वेळा ‘पेन वर, पेन खाली, अमुक बिंदूवर जा’ अशाच असतात. ही भाषा हेवलेट-पॅकार्ड कंपनीने सत्तरच्या दशकात आपल्या पेनवाल्या प्लॉटरांसाठी रचली. पेनाच्या जागी पातं आलं, भाषा तीच राहिली.

पेनवाल्यांचं घराणं त्याहून जुनं. १९५९ साली अमेरिकेत कॅलकॉम्प ५६५ आला. त्यात कागद एका ढोलावर गुंडाळलेला असायचा. ढोल फिरला की कागद हलायचा, पेन आडवं सरकायचं, आणि एक पाऊल इंचाच्या शंभराव्या हिश्शाचं. दोन वर्षांनी जर्मनीत कोनराड त्सूझे यांनी ग्राफोमॅट काढला. तो सपाट टेबलाचा, कागद जागच्या जागी आणि पेन दोन्ही दिशांना हिंडणारं. ढोल आणि टेबल, या दोन जाती आजही तशाच आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खरखरीत चाकं आणि रबरी रोलर यांच्या चिमटीत नुसता कागद धरून खेळवायची युक्ती निघाली, ढोलाची गरज संपली आणि यंत्र स्वस्त झालं. रेडियमवाल्याकडचं यंत्र या युक्तीवर चालतं.

उपनगरातल्या माणसाची प्लॉटरशी खरी गाठ मात्र रेडियमच्या दुकानात पडत नाही. ती पडते सोसायटीच्या सभेत, रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की. आर्किटेक्ट काखेतली लांब नळी उघडतो आणि ए-झीरो कागद बाहेर येतो. ८४१ मिलिमीटर गुणिले ११८९, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. सोसायटीच्या ऑफिसात एवढी मोकळी जागा कधीच नसते, म्हणून तो कॅरमबोर्डवर अंथरतात आणि चार कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवतात. तीस वर्षांच्या शेजाऱ्यांची डोकी त्यावर वाकतात.

“अहो, माझ्या ओट्यासमोरची खिडकी कुठाय?” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतात.

“ही काय काकू, इथे.”

“तो डक्ट आहे ना?”

“डक्टमध्ये उघडते.”

काकू काही बोलत नाहीत, पण कप उचलतात आणि नकाशाचा तेवढा कोपरा गुंडाळला जातो.

हा नकाशा काढणाऱ्या यंत्रालाही प्लॉटर म्हणतात, पण त्याने पेन कधीच टाकलं. तो शाईचे फवारे मारत कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पट्ट्यापट्ट्याने सरकतो, आणि त्याला भिंत काय, बेसिन काय, सारखंच. जुना पेनवाला वेगळा होता. तो साऱ्या इमारतीच्या भिंती आधी ओढायचा, मग पेन बदलून दारं, मग आणखी बारीक पेन घेऊन मापं. नकाशा बांधकामासारखा डोळ्यांदेखत उभा राहायचा. एका मोठ्या कागदाला अर्धा-पाऊण तास सहज जायचा, आणि मध्येच शाई सुकली तर एखाद्याचं किचन कोरंच राहायचं. मला तो यंत्रांतला सज्जन वाटतो. अर्थात पाऊण तास थांबून बिल्डरचा फोन घेणाऱ्याला तसं वाटलं नसणार.

टेबलवाल्या जातीची गोष्ट जोसेफ गर्बर यांच्याशिवाय पुरी होत नाही. व्हिएन्नाचा हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत आला. कॉलेजात आलेखाच्या रेघांमधली मापं मोजता मोजता कंटाळला आणि त्याने आपल्या पायजम्याचं इलॅस्टिक काढून त्यावर खुणा केल्या. हवी तेवढी ताणता येणारी ती मोजपट्टी हे त्याचं पहिलं उपकरण. आपल्याकडे हा शोध का लागला नाही याचं उत्तर मला इथेच मिळालं. आपले पायजमे नाडीचे. याच गर्बरनी पुढे १९६९ मध्ये कापड कापणारं यंत्र आणलं. ब्रशासारख्या केसाळ टेबलावर कापडाची चळत, वरून प्लास्टिक, आणि हवा खेचून सगळं घट्ट दाबलेलं. मग पातं उभं घुसतं आणि शर्टांच्या बाह्या एकगठ्ठा कापून काढतं. या जातीत पातं ओढलं जात नाही. कोपरा आला की ते उचललं जातं, मोटर त्याला वळवते, मग पुन्हा घुसतं. आणि ऐंशीच्या दशकात स्टिकरची अक्षरं कापणारी पहिली यंत्रं आली, तीही गर्बर यांच्याच कंपनीची.

ही सगळी मंडळी रोमन अक्षरांवर वाढलेली. ए वेगळा, बी वेगळा. देवनागरी समोर आली तेव्हा पात्याची पंचाईत झाली. पडद्यावर आपली शिरोरेषा अखंड दिसते, पण आतून प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन आलेलं असतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडं चढून बसलेलं असतं. जुन्या फाँटांत तर अर्धा ग वेगळा आणि त्याचा काना वेगळा. कड तेवढी ओळखणारं पातं अशा प्रत्येक सांध्यावर दोनदा फिरतं, आणि शिरोरेषेतून तांदळाएवढे चौकोन सुटे होतात. म्हणून संगणकावर कोरलड्रॉमध्ये मजकूर टाकला की पहिलं काम म्हणजे सगळं निवडून वेल्ड मारणं, म्हणजे तुकडे एकमेकांत जोडून टाकणं. एकदा वेल्ड झालं की सुटी टिंबं सोडून अख्खा शब्द एकाच तुकड्यात उचलला जातो. इंग्रजी शब्दाची अक्षरं चिकटवताना जी अंतराअंतराची काळजी घ्यावी लागते, ती मराठीला लागत नाही. मराठी मंडळी एकसंध राहिल्याचं हे एवढं एकच खात्रीचं उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

फाँटांचं घराणंही आपल्याच पट्ट्यातलं. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी आधी पवईच्या आयआयटीत शिकवत, नंतर जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत अक्षरं घडवत. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांच्या हातचा. तो पडद्यावर वाचायला केलेला, नाजूक अंगाचा फाँट. रिक्षावाले तो घेत नाहीत. त्यांना मागच्या रिक्षातून वाचता येईल असा ‘आईचा आशीर्वाद’ लागतो.

रेडियमच्या दुकानांनी खरी दिवाळी पाहिली ती २०२३ ची. दुकानाच्या पाटीवर मराठी आधी हवं आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, हा कायद्यातला बदल २०२२ चा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि २८ नोव्हेंबरपासून महापालिकेची माणसं दुकानोदुकानी फिरू लागली. दंड दर कामगारामागे २,००० रुपयांपर्यंत. शेवटच्या आठवड्यात घाईने पाट्या चढल्या, पण भाषा मराठी झाली नाही, लिपी तेवढी झाली. आणि इंग्रजी शब्द देवनागरीत आले की डोक्यावर चंद्र घेऊन येतात. फॅशन, ऑप्टिशियन, आणि उपनगराचं खरं ग्रामदैवत म्हणजे मॅचिंग सेंटर. चंद्र सुटा, टिंब सुटं, चिमटा एक आणि पाट्या पन्नास. ‘मचिंग सेटर’मधून अस्तराचं कापड मीच आणलेलं आहे. मॅचिंग व्यवस्थित झालं.

पाट्यांनी दिलं ते नंबरप्लेटांनी नेलं. आपल्याकडे आरटीओचा नंबर अंधेरीचा ०२, बोरिवलीचा ४७, आणि घाटकोपर-मुलुंडकर वडाळ्याच्या ०३ चे. त्यापुढचे चार आकडे ही रेडियमवाल्याची कलाकुसर होती. ४१४१ नंबर असला तर चाराचा द करायचा, एकाचा काना, आणि गाडीवर ‘दादा’ लिहून द्यायचा. मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच ठोकून आलेली उठावाच्या आकड्यांची प्लेट सक्तीची झाली. जुन्या गाड्यांनाही ती बसवायचं फर्मान आलं, मुदती वाढत गेल्या. प्लेटवर दादाला जागा उरली नाही.

परवा एक तरुण बाइक लावून दुकानात आला. “दादा, दोन ‘दादा’ काढून द्या.”

“केवढे?”

“टाकीभर. एक इकडून, एक तिकडून.”

“पहिले प्लेटवर होता ना?”

“त्यांनी काढायला लावला.”

मालकाने टाकीचं माप घेतलं, लाल रोल चढवला आणि विचारलं, “बिल पाहिजे का? जीएसटी लागेल.”

“दादाला?”