काच निर्दोष आहे

जुन्या म्युझिक सिस्टिमवरचे निळसर-हिरवे आकडे एके दिवशी दिसेनासे झाले की घरात एकमताने निकाल लागतो: "डिस्प्ले गेला, द्या आता भंगारात." गाणं सुरूच असतं, आवाजात तसूभर फरक नसतो, पण सेट मयत घोषित होतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात, तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणी नीट न्याहाळून मगच पीकपाण्याचं बोलतात. डिस्प्लेचं भाकीत मात्र झाकणाचा एक स्क्रूही न हलवता होतं. माझं म्हणणं एवढंच, की या खटल्यात काच ही शेवटची आरोपी आहे आणि आपण तिला पहिल्याच तारखेला फाशी देतो.

ही काच म्हणजे व्हॅक्यूम फ्लूरोसंट डिस्प्ले, 1960 च्या दशकात जपानमध्ये निघालेला. हवा काढून घेतलेल्या चपट्या काचेत केसाहून बारीक तारा, त्यांच्यामागे जाळी आणि जाळीमागे चमकणारा लेप दिलेले आकडे. तारा तापायला दोन-चार व्होल्ट पुरतात, आकडे उजळायला वीस-तीस लागतात, आणि हा पुरवठा ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्यापासून बहुधा वेगळा असतो. म्हणून गाणं चालू आणि आकडे गुल, हा काचेविरुद्धचा पुरावा होतच नाही. संशय जातो तो वाटेतल्या एखाद्या रेझिस्टरवर, सुटलेल्या डागावर किंवा सुकलेल्या कपॅसिटरवर. खोलीत अंधार करून काचेत निरखून पाहावं. आडव्या तारा मंद तांबूस दिसल्या तर त्यांचा पुरवठा शाबूत आहे, चौकशी पुढच्या व्होल्टेजची करायची. (अंधारासाठी लोडशेडिंगची वाट बघू नये, त्यात सेटही जातो.) त्याआधी 'डिमर'चं बटण दाबून पाहावं हे सांगायला संकोच वाटतो, पण काही सेटांत ते डिस्प्ले पार विझवतं, आणि रिमोटवर बसणारी माणसं घरोघर आहेत.

कपॅसिटर सुकतो तो उष्णतेने. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आता मे महिन्यात घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, सेट शोकेसमध्ये कोंबलेला, आणि हवा जायच्या फटींवर क्रोशाचा रुमाल. या न्यायाने घाटावर बुलढाण्याला नांदलेला सेट जास्त टिकायला हवा. सोयरिकी जुळवताना हे कुणी लक्षात घेत नाही.

कुणी म्हणेल, काच कधीच जात नाही का? जाते, पण जाताना खूण ठेवून जाते. काचेच्या आत एका कोपऱ्यात चांदीसारखा चकचकीत डाग असतो. आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो, आणि मग खरोखरच प्रकरण संपलं. खामगावकरांना चांदी ओळखायला शिकवायची गरज नाही. दुसरी खूण झिजेची. सतत पेटणारी अक्षरं आधी फिकी पडतात, म्हणून घड्याळाचे आकडे म्हातारे होतात आणि कित्येक वर्षांत कुणी कॅसेट न लावल्यामुळे 'टेप' हा शब्द मात्र नव्या नवरीसारखा झळकतो. असं असमान झिजणं दिसलं तर काचेचा दोष मान्य. सगळंच एका रात्रीत विझलं तर आधी पुरवठा तपासायचा.

"आवाज येतोय ना, मग आकडे कशाला?" हा आक्षेप व्यवहारी वाटतो. पण आकड्यांवाचून सेट एफएमवर आहे की ऑक्सवर, हे आवाज मोठा करूनच कळतं, आणि तोवर शेजारी जागे झालेले असतात. शिवाय फुटलेल्या कपॅसिटरमधून पाझरलेलं द्रव खालच्या पट्टीवरचं तांबं खात राहतं. आज थोडक्यात निभावणारं काम वर्षभराने बोर्डावर जातं.

मेकॅनिक सांगतो, "या मॉडेलची काच मिळत नाही." अगदी खरं आहे. त्या एका मॉडेलसाठी बनवलेली काच ना अकोल्यात मिळेल ना मुंबईत. पण काच मागितली कुणी? त्याला कपॅसिटर बदलायला सांगा, तो दुकानातच असतो. झाकण मात्र त्यालाच उघडू द्या. प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर बराच वेळ राग धरून बसतात.